ओल्या लाकडाची प्रगती

माणसाने आजवर जी काही प्रगती केली ती पाठदुखीमुळे केली, असं माझं अभ्यासाअंती मत झालं आहे. चाक, कप्पी, खुर्ची आणि राजीनामा हे चारही शोध वाकून काम करणाऱ्यांनी लावलेले आहेत. ज्यांची पाठ कधी दुखली नाही, त्यांनी जगाला काहीच दिलं नाही. (ज्यांची दुखते तेही फारसं देत नाहीत, पण विकत घेतात. प्रगतीला तेवढं पुरतं.)

हे सगळं मांडायचं कारण म्हणजे माझ्या भावोजींची पाठ.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची जळाऊ लाकडाची छोटी वखार आहे. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच घर, मागे अंगण, अंगणाच्या एका कडेला पत्र्याची शेड आणि रस्त्यावर उघडणारं एक कुरकुरणारं फाटक. धंद्याची पद्धत साधी होती. ओले ओंडके ट्रकमधून यायचे. भावोजी ते कुऱ्हाडीने फोडायचे. ताई ती फोडलेली लाकडं अंगणात हवा खेळेल अशी रचायची, रोज खालची वर आणि वरची खाली करायची, आणि ऊनवारा ती वाळवायचे. वाळली की ताई काट्यावर तोलून विकायची. म्हणजे या उद्योगात एकूण चार घटक होते : भावोजी, ताई, ऊन आणि वारा. शेवटचे दोन पगार घेत नसत. पहिले दोनही घेत नसत, पण त्यांना दोन वेळा जेवायला लागायचं, ते धंद्यातून निघायचं.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. कोपऱ्यावरचा पावाच्या भट्टीवाला सगळ्यात मोठा. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेची भिंत आणि भावोजींच्या अंगणाची भिंत एकच. पलीकडच्या गल्लीत गरम पाण्याचं न्हाणीघर होतं, तेही आमचंच. थंडी पडली की आसपासची घरं.

मी स्वतः एका कार्यालयात आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक आहे. आलेला कागद आला आहे आणि गेलेला कागद गेला आहे, हे माझ्या शिक्क्याशिवाय सिद्ध होत नाही. त्यामुळे कुटुंबातला कुठलाही निर्णय माझ्या सल्ल्याशिवाय होत नाही, किंवा झाल्यावर तरी मला कळवला जातो.

तर एके दिवशी सकाळी भावोजींनी कुऱ्हाड डोक्यावर उचलली आणि ते तसेच राहिले. कुऱ्हाड वर, डोळे ओंडक्यावर, तोंड उघडं. फाटकासमोरून जाणाऱ्या दोघा-तिघांना वाटलं, वखारीने जाहिरातीसाठी पुतळा बसवला आहे. ताई बाहेर आली, तिने शांतपणे त्यांच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि त्यांना त्याच अवस्थेत आत नेलं. दाराशी वरचा हात अडला, तेव्हा जरा तिरकं करून नेलं.

डॉक्टर म्हणाले, "वाकू नका, उचलू नका, जोर लावू नका."

"म्हणजे आमच्या भावासारखं राहा," ताईने त्यांना समजावून सांगितलं. (हे मी ऐकलं नाही असं धरून पुढे जातो.)

ताईचं म्हणणं होतं, "एखादा माणूस ठेवू या फोडायला. हातात जोर असलेला."

भावोजी पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "माणूस म्हटला की त्याचीही पाठ आली."

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी लगेच अनुमोदन दिलं, आणि पाठ जरा सरळ झाल्यावर भावोजींना यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनाला घेऊन गेलो.

तिथे आम्हाला सल्लागार भेटले. त्यांचा हुद्दा तोच होता आणि छातीवर तसा बिल्लाही होता. काही लोक त्यांना विक्रेता म्हणतात. तो त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी आम्हाला काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी फक्त खुर्ची पुढे केली आणि भावोजींना विचारलं, "दुखतं कुठे नेमकं? उजवीकडे की मधोमध?" भावोजींनी सांगितलं. कधीपासून, कसं, खोकताना कसं, पायरी उतरताना कसं. सल्लागार मान हलवत राहिले. भावोजींच्या पाठीबद्दल इतकं सविस्तर आजवर कोणीच ऐकून घेतलं नव्हतं. बोलता बोलता भावोजींचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी वर पाहिलं तर समोर यंत्र होतं.

त्याचं अधिकृत नाव स्वयंचलित काष्ठ-विभाजक. (लाकूड फोडणारं.) लाल रंग, पितळी कडा, आणि तेलाच्या दाबावर पुढे सरकणारी एक पाचर. सल्लागारांनी एक ओंडका त्यावर ठेवला आणि कळ दाबली. पाचर पुढे गेली, कट्ट असा आवाज झाला, आणि ओंडक्याचे दोन भाग असे बाजूला झाले, जणू त्यांचंच आपापसात आधी ठरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "मेहुणे, हे मला आधी भेटलं असतं तर." माझ्या बहिणीच्या बाबतीत त्यांना असं म्हणताना मी कधी ऐकलेलं नव्हतं.

व्यवहार तिथल्या तिथे झाला.

यंत्र आलं तेव्हा ते फाटकातून आत जाईना, म्हणून फाटक काढलं. शेडमध्ये मावेना, म्हणून शेडमध्ये रचलेलं वाळकं लाकूड बाहेर काढून भिंतीशी लावलं. ताई म्हणाली, "अहो, हे विकायचं लाकूड आहे. पाऊस आला तर?" भावोजी म्हणाले, "अगं, आता उत्पादन इतकं वाढणार आहे, की हे थोडं भिजलं तरी कळणार नाही." यात भविष्याचा अंदाज अचूक होता.

पहिल्याच दिवशी यंत्राने महिन्याभराचं लाकूड दुपारच्या जेवणाआधी फोडलं. जेवण झाल्यावर करायला काही उरलं नाही, म्हणून भावोजी यंत्र पुसत बसले.

काही किरकोळ गोष्टी मात्र पुढे आल्या. यंत्राची बैठक कमरेपेक्षा उंच होती. कुऱ्हाडीसाठी ओंडका जमिनीवर असला तरी चालायचा. यंत्रासाठी तो उचलून वर ठेवावा लागायचा. त्यामुळे भावोजींची पाठ, जी पूर्वी फक्त उजवीकडे दुखायची, ती आता दोन्हीकडे समान दुखू लागली. सल्लागारांना कळवलं. त्यांनी उचल-पट्टा सुचवला. उचल-पट्टा आला. (ओंडका वर चढवणारा.) मग असं दिसलं, की यंत्राला फक्त सरळ, बिनगाठीचा आणि ठरावीक लांबीचाच ओंडका चालतो. अशा ओंडक्याचं झाड माहितीपुस्तिकेत होतं, आणि आमच्या माहितीप्रमाणे फक्त तिथेच. म्हणून ओंडके लांबीत बसवायला यांत्रिक करवत आली. करवतीसाठी जागा लागली, म्हणून पुढच्या खोलीची मागची भिंत काढली. भिंत काढल्यामुळे घर आणि कारखाना यांच्यातलं अंतर संपलं, आणि भावोजींना कामावर जायला लागणारा वेळ वाचला. तो वेळ त्यांनी तेल घालण्यात लावला.

मी त्या काळात दर आठवड्याला कार्यक्षमतेचे तक्ते करत होतो. प्रत्येक तक्त्यात रेघ वरच जायची. (रेघ खाली जाण्याची शक्यता लक्षात घेऊन खालचा भाग मी आखलाच नव्हता.)

खरी अडचण उन्हाने केली.

फोडलेल्या ओल्या लाकडाचा अंगणात डोंगर झाला होता. तो इतका उंच होता की त्याच्या आतल्या लाकडाला ऊनही लागत नव्हतं आणि वाराही. ताई एकटी तो डोंगर खालीवर करायला गेली, तेव्हा संध्याकाळपर्यंत तिला एकच बाजू जमली आणि सकाळी तीच बाजू पुन्हा खाली आली होती. लाकूड वाळेना. काही लाकडांना तर कोंब फुटले. सल्लागार येऊन डोंगराकडे आणि मग आकाशाकडे पाहत म्हणाले, "ऊन हे तंत्रज्ञान आता फार जुनं झालंय. त्याची देखभाल करणारं कोणी नाही."

म्हणून वाळवणी यंत्र आलं.

हे मात्र मानलं पाहिजे. लोखंडी खोली म्हणता येईल एवढं मोठं. एका बाजूने ओलं लाकूड घालायचं, दुसऱ्या बाजूने वाळलेलं काढायचं. जे करायला उन्हाला काही आठवडे लागायचे, ते करायला याला काही तास. त्यासाठी त्याला फक्त उष्णता लागायची, आणि उष्णतेसाठी त्याच्या पोटात जाळायला लागायचं लाकूड. ओलं चालत नसे. कोरडं.

हिशेब सोपा होता. एक ढीग ओलं लाकूड वाळवायला एक ढीग आणि वर थोडं कोरडं लाकूड लागायचं. म्हणजे यंत्रातून जे निघायचं, ते सगळं यंत्रात परत जायचं, आणि "वर थोडं" बाहेरून आणावं लागायचं. मी तक्त्यात "वर थोडं" यासाठी वेगळा रकाना केला नाही, त्यामुळे तक्ता नीट दिसत होता.

याच सुमारास भट्टीवाला आला. त्याच्या अंगावर पीठ होतं आणि चेहऱ्यावर काळजी.

"दादा, लाकूड पाठवलं नाहीत दोन दिवस. भट्टी निवतेय."

"लाकूड भरपूर आहे," भावोजी अभिमानाने म्हणाले आणि डोंगराकडे हात केला.

"हे ओलं आहे."

"आत्ता ओलं आहे. वाळवतोय."

"मग ते यंत्राशेजारी रचलंय ते? ते तर खणखणीत वाळलंय."

"त्याला हात लावू नका. ते वाळवायला लागतं."

भट्टीवाल्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याला तक्ता दाखवला. तो म्हणाला, "दादा, मला फक्त पाव भाजायचेत हो," आणि गेला. त्या दोघांची वीस-पंचवीस वर्षांची ओळख. पहाटेचा पहिला पाव रोज भावोजींच्या घरी यायचा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. भावोजींच्या ते लक्षात आलं नाही, ताईच्या आलं.

गिऱ्हाईक तुटल्यामुळे वखारीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचा उपद्रव थांबला आणि कामात एकाग्रता आली. "वर थोडं" मात्र रोज लागतच होतं. आधी भिंतीशी लावलेलं जुनं लाकूड गेलं. मग काढून ठेवलेलं फाटक गेलं. मग कुंपण.

ताई त्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. माझी बायको आजारी होती आणि घरात भात लावता येईल असं दुसरं कोणी नव्हतं. (मी कार्यालयात असतो.) बायको उठून बसल्यावर मी ताईला परत सोडायला गेलो. भावोजी दारात उभे होते. दारात म्हणजे दाराच्या जागी.

ताई आत गेली. पुढच्या खोलीतला पलंग नव्हता. स्वयंपाकघरातली फळी नव्हती. आतल्या खोलीत आमच्या आईने तिला लग्नात दिलेलं मोठं कपाट होतं, तेही नव्हतं. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा एक चौकोन तेवढा उजळ राहिला होता. त्यातले तिचे कपडे भावोजींनी जमिनीवर सतरंजी घालून, रोजचे वेगळे, ठेवणीतले वेगळे, नीट घड्या करून लावले होते. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे.

"अगं, तुला सांगतो," भावोजी उत्साहाने म्हणाले, "तीस वर्षं सावलीत वाळलेलं लाकूड! असं बाजारात मिळत नाही. यंत्र त्या दिवशी जे चाललंय!"

ताई त्या उजळ चौकोनासमोर उभी राहिली आणि तिने त्यावरून एकदा हात फिरवला, कपाटाचं दार लावल्यासारखा. मग तिने घड्या उचलून पिशवीत भरल्या. शेडच्या कोपऱ्यात कुऱ्हाड पडली होती. (तिचा दांडा वाचला होता, कारण भावोजींना ती सापडलीच नव्हती.) ती तिने दुसऱ्या हातात घेतली आणि मला म्हणाली, "चल. आणि ह्यांना सांग, जेवण यंत्रावर होतं का बघा म्हणावं."

भावोजी तीन फुटांवर उभे होते, तरी मी सांगितलं. अधिकृत मार्ग तोच होता.

ताई माझ्याकडे राहायला आली. तिला माझी खोली दिली, मी बैठकीत आलो. चार-पाच दिवसांत तिने भट्टीवाल्याला गाठलं. काय बोलणं झालं ते मला कळवण्यात आलं नाही, पण भट्टीमागची मोकळी जागा त्याने तिला वापरायला दिली. तिथे ताई स्वतः लाकूड फोडू लागली. पहिल्या दिवशी अर्ध्या ढलप्या रस्त्यावर उडाल्या आणि एक भट्टीच्या खिडकीतून पिठात पडली. मग हात बसला. फोडलेलं लाकूड ती तिथेच रचायची, उन्हात. ऊन जुनं असलं तरी चालू होतं.

खेदाने सांगावं लागतं की तिच्या या उपक्रमाला कुठेही मान्यता मिळाली नाही. लघुउद्योगाच्या अर्जात "यंत्रसामग्रीचा तपशील" असा रकाना असतो. तिथे मी "कुऱ्हाड" असं लिहिलं, तर अर्ज परत आला. कुऱ्हाड हा तपशील आहे, यंत्रसामग्री नव्हे. लाकूड मात्र जात होतं. भट्टीवाला नेत होता, न्हाणीघरवाला नेत होता. पण हा केवळ व्यापार झाला, उद्योग नव्हे.

उलट त्याच महिन्यात भावोजींच्या वखारीला "आदर्श यांत्रिक घटक" म्हणून गौरवण्यात आलं. समितीने यंत्रं पाहिली, फोटो काढले, आणि वखारीत गिऱ्हाईक नसल्यामुळे स्वच्छता किती राहते याचा खास उल्लेख केला. सन्मानचिन्ह उंची लाकडाचं होतं, पॉलिश केलेलं. भावोजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, जरा हलवून पाहिलं, आणि हळूच नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. समिती गेल्यावर वाळवणी यंत्र पावणेदोन मिनिटं फार छान चाललं.

त्यानंतर जाळायला काही उरलं नाही. भावोजी दोन दिवस बिनदाराच्या, बिनपलंगाच्या घरात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी ताईचा डबा घेऊन भट्टीमागे गेलो होतो, तेव्हा भिंतीवर आधी त्यांचे हात दिसले, मग डोकं. दाढी वाढली होती.

"अगं," ते म्हणाले, "कोरडं लाकूड आहे का?"

ताईने कुऱ्हाड थांबवली नाही. "गिऱ्हाईक म्हणून विचारताय की घरचे म्हणून?"

भावोजींनी विचार केला. "गिऱ्हाईक म्हणून."

"बरं झालं. घरचे म्हणून विचारलं असतंत तर दिलं नसतं."

पण द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. होता तो फक्त ओल्या, फोडलेल्या लाकडाचा डोंगर. मग असं ठरलं, की त्यांनी ओलं लाकूड भिंतीवरून इकडे टाकायचं आणि ताईने तेवढ्याला थोडं कोरडं तिकडे द्यायचं. मसुदा मी केला. भावोजी ओंडका यंत्राने फोडत, ओलं लाकूड ताईला देत. ताई ते उन्हात वाळवून त्यातलं काही परत देत असे. ते जाळून भावोजी बाकीचं लाकूड वाळवत. ते वाळलं की ते जाळून त्याच्या पुढचं. या व्यवस्थेत कुठेच काही वाया जात नव्हतं. फक्त बाहेर काही येत नव्हतं. मला विचाराल तर इतकं सुबक चक्र मी आमच्या कार्यालयाबाहेर कुठे पाहिलेलं नाही.

ताईला आता फोडावं लागत नव्हतं. कुऱ्हाड भिंतीला टेकून राहिली. नवराबायकोचं बोलणं "टाकू का?" आणि "टाका" एवढंच होतं, पण दिवसातून पुष्कळदा होतं.

मग वाळवणी यंत्र बिघडलं.

आतला एक भाग जळाला. तो फार लांबून यायचा होता. मी ताबडतोब स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं स्मरणपत्र, मग पहिल्या स्मरणपत्राची आठवण करून देणारं तिसरं. तोवर उद्योग संपूर्ण ठप्प झाला, असं तक्त्यात दिसतं. प्रत्यक्षात भावोजी रोज लाकूड फोडत होते आणि भिंतीवरून टाकत होते, ताई ते रचत होती, ऊन ते वाळवत होतं आणि भट्टीवाला नेत होता. सगळं नेत होता, कारण परत द्यायचं लाकूड आता कुणाला द्यायचं नव्हतं. न्हाणीघर पुन्हा दिवसभर चालू राहिलं. भावोजींची पाठ, उचल-पट्ट्याला उचलू दिल्यामुळे, बरीच सुधारली. याला ठप्प होणं म्हणतात, हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं.

एका दुपारी अवेळी सर आली. ताई एकटी ताडपत्री ओढत होती, वारा ती पुन्हा उडवत होता. भावोजींनी भिंतीवरून उडी मारली. वयाच्या आणि पाठीच्या मानाने ती उडी मानावी लागेल. त्यांनी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं, आणि सर जाईपर्यंत दोघं त्याच ताडपत्रीखाली लाकडाला टेकून उभे राहिले. काहीतरी बोलत होते. यंत्र बंद असूनही मला ते ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडून पिशवी घेऊन घरी परत गेली. भावोजींनी विटांवर पत्रा टाकून तिच्या कपड्यांना जागा केली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीवाल्याने पहिला पाव पाठवला. मला माझी खोली मिळाली.

सुटा भाग शेवटी आला. सल्लागार स्वतः घेऊन आले. मीही गेलो होतो. भावोजींनी खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेवा त्या कोपऱ्यात. बघू सवडीने." मला धक्का बसला. सल्लागारांना बसला नाही. ते खोकं ठेवून ताईकडे वळले. ती लाकडं खालीवर करत होती.

"वहिनी, हे रोज करता?"

"रोज."

"एकट्याच?"

"एकटीच की."

"आणि खांद्यात येत असेल ना कळ? डाव्या की उजव्या?"

ताई थांबली. इतक्या वर्षांत हे तिला भावोजींनी विचारलं नव्हतं. मीही नाही. तिने पदराने हात पुसले. "डाव्या," ती म्हणाली. "रात्री जास्त." आणि मग तिने सांगितलं, कधीपासून, कसं, कूस बदलताना कसं. सल्लागार मान हलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक चकचकीत चित्र काढलं. काष्ठ-परिवर्तक. (लाकूड खालीवर करणारं.)

"आम्हाला काही नको," ताई म्हणाली.

सल्लागारांनी चित्र परत ठेवायला घेतलं.

"नुसतं बघायला काय जातं," ताई म्हणाली. आणि जरा वेळाने, "हिरव्या रंगात येतं का?"

येतं. हिरव्या रंगात आलंसुद्धा. अतिशय नाजूक यंत्र आहे. उन्हात ठेवलेलं त्याला चालत नाही, म्हणून भट्टीमागच्या सगळ्या जागेवर छप्पर घातलं आहे. छपराखाली लाकूड दिवसातून दहादा खालीवर होतं, पण वाळत नाही. म्हणून भावोजींनी कोपऱ्यातलं खोकं उघडलं. आता दोन्ही यंत्रं रात्रंदिवस चालू आहेत आणि दोघं पुन्हा खूप खूश आहेत. मी तक्ते नव्याने सुरू केले आहेत. भट्टीवाला गेल्या आठवड्यात सल्लागारांशी बोलताना दिसला; बहुधा त्याचं मनगट दुखत असावं.

वाचकहो, तुम्ही इतका वेळ ताईच्या बाजूने होतात, हे मला ठाऊक आहे. ही हकिगत मी आजवर पुष्कळ लोकांना सांगितली. तेही सगळे ताईच्या बाजूने होते. भावोजींना ते मनसोक्त हसले, कपाटाशी आल्यावर त्यांनी "च्च च्च" केलं, ताडपत्रीशी एक-दोघांनी डोळेही पुसले. सांगून झाल्यावर मी थांबतो. कोणीतरी ताईच्या खांद्याबद्दल विचारेल, म्हणून थांबतो. अजून कोणी विचारलेलं नाही. सगळे जरा इकडेतिकडे बघतात, खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून एकच विचारतात, "पण ते पहिलं, लाल, ते केवढ्याला पडलं?"

तुम्ही विचारणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्ही वेगळे आहात. तरीही, माहितीसाठी : प्रात्यक्षिक वखारीत दर रविवारी सकाळी असतं. लवकर या, रांग मोठी असते.